मूल कुठे ठेवायचे? झरियाच्या खाणींतील एका प्रश्नाचा इतिहास

१९२३ च्या भारतीय खाण कायद्यात एक छोटेसे कलम आहे. तेरा वर्षांखालील मुलाला खाणीत कामावर ठेवू नये, असे ते सांगते. इथवर नवल नाही. परंतु वाक्य तिथे संपत नाही. अशा मुलाला खाणीच्या जमिनीखालील कोणत्याही भागात उपस्थित राहू देऊ नये, अशी पुस्ती त्याला जोडलेली आहे.

कामगार कायद्यांवर टिपणे काढताना हे कलम मी पहिल्यांदा वाचले तेव्हा ‘उपस्थित’ या शब्दापाशी अडखळले. जे मूल कामावर नाही, ते जमिनीखालच्या अंधारात असेल तरी कशाला? आणि तसे असू नये हे कायद्यात मुद्दाम लिहून ठेवण्याची वेळ सरकारवर का यावी? आजचा धागा या एका शब्दाचा माग काढणारा आहे. थोडा लांब आहे, सवडीने वाचा.

ते मूल तिथे असे, कारण त्याची आई तिथे असे. आणि आई तिथे असे, कारण खाणमालकाने कामाची जी रचना बसवली होती तिच्यात मजूर म्हणून एकटा पुरुष धरलेला नव्हता. नवरा-बायकोची जोडी धरलेली होती.

थोडी पार्श्वभूमी. बंगालमधील राणीगंज भागात कोळसा काढण्याची सुरुवात १७७४ सालची. त्याच्या पश्चिमेला, आजच्या झारखंडमधील धनबादजवळ, झरियाचे कोळसाक्षेत्र आहे. १८९० च्या दशकात रेल्वे तिथवर पोहोचली आणि काही वर्षांतच झरियाने राणीगंजला मागे टाकले. आगगाड्या, तागाच्या गिरण्या, आगबोटी, पुढे जमशेदपूरचे पोलाद, या सगळ्यांच्या भट्ट्या याच कोळशावर चालत. खाणीत उतरणारे लोक आसपासच्या मुलखातले होते: संथाळ, बाउरी आणि इतर आदिवासी व दलित जातींतील भूमिहीन वा अल्पभूधारक कुटुंबे. पेरणी-कापणीच्या दिवसांत ही माणसे गावी परतत आणि शेतीची कामे उरकली की पुन्हा खाणीकडे येत. खाणमालकांचा याबद्दल कायमचा त्रागा असे. मात्र वर्षभर टिकून राहावे असे वेतन आणि असे घर देण्याचा विचार त्यांच्यापैकी फारच थोड्यांनी केला.

कोळसा कापणाऱ्या पुरुषाला तिकडे ‘मालकट्टा’ म्हणत आणि स्त्री-मजुराला ‘कामिन’. मालकट्टा कुदळीने कोळशाचा थर फोडी. कामिन तो कोळसा टोपलीत भरून डोक्यावरून रुळांवरच्या डब्यापर्यंत वाहून नेई आणि डबा भरी. या डब्याला ‘टब’ म्हणत. मजुरी तासांवर नव्हती, दिवसावरही नव्हती. ती भरलेल्या टबावर होती. म्हणजे एका टबात दोघांचे श्रम असत आणि पैसे बहुधा पुरुषाच्या हाती पडत. बायको बरोबर नसेल तर पुरुषाला वाहून नेणारे दुसरे माणूस शोधावे लागे आणि कमाईतला वाटा त्याला द्यावा लागे. त्यामुळे जोडप्याने जाणे हेच परवडणारे होते. १९२० च्या दशकाच्या आरंभी या खाणींत जमिनीखाली काम करणाऱ्या दर तीन मजुरांमागे साधारण एक स्त्री होती.

आता त्या स्त्रीला तान्हे मूल आहे, असे समजा. घर म्हणजे खाणमालकाने बांधलेल्या खोल्यांच्या रांगेतील एक खोली. तिला ‘धौडा’ म्हणत. सासू, नणंद, आजी ही माणसे गावी, पन्नास-शंभर मैलांवर. दर काही तासांनी अंगावर पाजायला हवे. मग ती मुलाला पाठीशी बांधून किंवा टोपलीत घालून बरोबर नेई, कुठल्या तरी कोपऱ्यात चिंधीवर निजवी आणि कामाला लागे. थोडे मोठे मूल असेल तर ते दिवा धरी, सांडलेले कोळशाचे तुकडे वेची, धाकट्याकडे पाही. हे ‘काम’ की नुसती ‘उपस्थिती’, हे ठरवणे अवघडच होते. कायद्याने दोन्ही शब्द वापरले ते म्हणूनच असावेत.

या उपस्थितीचा अर्थ कळण्यासाठी जागेची कल्पना यायला हवी. त्या काळी कोळसा काढण्याची रूढ पद्धत अशी: थरात एकमेकांना छेदणारे बोगदे खणत जायचे आणि मध्ये कोळशाचेच चौकोनी खांब छत पेलायला ठेवायचे. सगळा भाग असा पोखरून झाला की परतीच्या वाटेवर ते खांबही काढायचे. खांब काढला की छत आज ना उद्या खाली येणारच. ते केव्हा, याचा अंदाज लाकडी टेकूंच्या करकरण्यावरून बांधायचा. भारतीय कोळसा खाणींतील मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण स्फोट नव्हते. ते छत वा बाजूची भिंत कोसळणे हे होते. एका वेळी एक-दोन माणसे जात. वर्तमानपत्रात तेवढ्याने बातमी होत नसे. स्फोटाची होत असे. जानेवारी १९२३ मध्ये परबेलिया खाणीतील स्फोटात ७४ माणसे मरण पावली. खाण निरीक्षकांच्या वार्षिक अहवालांत मृत स्त्रियांचा आकडा वेगळा काढलेला आढळतो, इतका तो नेहमीचा होता.

जगाच्या इतिहासात खाणकामगाराच्या कुटुंबाचे जे चित्र आपल्या मनात असते, ते खाणीच्या तोंडाशी उभ्या राहून वाट पाहणाऱ्या बायकामुलांचे. इंग्लंड-वेल्समधील छायाचित्रांनी ते आपल्याला दिले आहे. झरियातील कुटुंबाला ते लागू पडत नाही. इथे बाहेर थांबून वाट पाहणारे कुणी नव्हतेच. छत कोसळले तर मुलाचा बाप आणि आई दोघेही त्याच छताखाली असत. १९२४ पूर्वी तर बरेचदा मूलसुद्धा.

इथे ब्रिटनचा उल्लेख टाळता येत नाही. ४ जुलै १८३८ रोजी यॉर्कशायरमधील सिल्कस्टोनजवळच्या हस्कर खाणीत वादळी पावसाचे पाणी शिरले आणि २६ मुले बुडून मरण पावली. त्यांत मुलीही होत्या. देश हादरला. मुलांच्या श्रमाची चौकशी करण्यासाठी आयोग बसला, त्याचा अहवाल १८४२ साली चित्रांसह प्रसिद्ध झाला. अरुंद बोगद्यातून कमरेला साखळी बांधून गाडे ओढणाऱ्या मुलीची ती चित्रे आपल्यापैकी अनेकांनी पाठ्यपुस्तकात पाहिलेली असतील. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने सर्व स्त्रियांना आणि दहा वर्षांखालील मुलांना जमिनीखाली काम करण्यास मनाई केली.

त्याच पार्लमेंटला जबाबदार असलेल्या सरकारच्या अमलाखाली, बऱ्याच अंशी ब्रिटिश भांडवलावर चालणाऱ्या खाणींत, भारतात हीच गोष्ट होण्यासाठी पुढे तब्बल ९५ वर्षे जावी लागली. कारणे दिली जात ती ‘देशी चालीरीतीं’ची. हे लोक कुटुंबानेच काम करतात, बायकोशिवाय पुरुष खाणीत उतरणार नाही, असे मालकांचे म्हणणे. त्यात तथ्य अजिबात नव्हते असे नाही. पण ही चालीरीत टबावरच्या मजुरीने किती घडवली होती, हा प्रश्न ते विचारत नसत.

आता पुन्हा १९२३ च्या कायद्याकडे. तो अमलात आला १ जुलै १९२४ रोजी. योगायोग असा की, त्याच तारखेला आणखी एक कायदा अमलात आला: १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा. कामावर मृत्यू आल्यास अवलंबितांना तीस महिन्यांचे वेतन किंवा २५०० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती द्यावी, अशी त्यात तरतूद होती. माणसाच्या जिवाची अशी किंमत करणे आज आपल्याला खुपेल. पण याआधी काहीच नव्हते, हे लक्षात घ्यावे. एकाच दिवशी सरकारने खाणमजुराच्या मुलासाठी दोन गोष्टी केल्या. त्याला खाणीतून बाहेर काढले आणि त्याचा बाप मेला तर काही रक्कम मिळण्याची सोय केली. बाप जिवंत असताना, आईबाप दोघेही खाणीत असताना त्या मुलाने दिवसभर कुठे राहावे, याबद्दल दोन्ही कायदे गप्प होते.

खरोखर कुठे राहिले ते? काही गावी आजीपाशी. काही धौड्यात, सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. दाराला बाहेरून कडी घातलेल्या खोलीत. आणि तान्हे असेल तर अफूच्या गुंगीत.

अफूविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण इथे झरियाचा धागा थेट आपल्या मुंबईशी जुळतो. खाणी, चहाचे मळे आणि गिरण्या, जिथे जिथे आईला तान्हे मूल सोडून दीर्घकाळ कामावर जावे लागे, तिथे तिथे अफूचा कण चाटवून मुलाला निजवण्याची चाल होती. मुंबईत तिला ‘बाळगोळी’ असे गोंडस नाव होते. १९२२ साली मुंबईच्या कामगार कार्यालयाने डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांकडून गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी करवून घेतली. तेव्हा अशा मातांच्या जवळजवळ सगळ्याच तान्ह्या मुलांना अफू दिली जाते, असे आढळले. अफूने मूल रडत नाही, त्याला भूक लागत नाही, ते तासन्‌तास पडून राहते. त्याचे पोट बिघडते, वाढ खुंटते; मात्रा थोडी चुकली तर ते उठतच नाही. सुधारक मंडळी याला आईचे ‘अज्ञान’ म्हणत. मला हा शब्द पटत नाही. शिफ्टचे तास, दूध पाजण्याच्या वेळा आणि घरातील माणसांची संख्या यांचा मेळ बसवून पाहिला, तर त्या मातेने आपल्या हाती असलेल्या साधनांतले एक निवडले होते. दुसरे साधन तिला कुणी दिलेले नव्हते.

तर मूल खाणीबाहेर आले. पुढची पायरी होती आईला बाहेर काढण्याची.

मार्च १९२९ मध्ये सरकारने नियम जाहीर केले. बहुतेक खाणींत स्त्रियांना जमिनीखाली उतरण्यास १ जुलै १९२९ पासून बंदी. परंतु बंगाल, बिहार-ओरिसा आणि मध्य प्रांतातील कोळसा खाणी, म्हणजे जिथे स्त्रिया खरोखर मोठ्या संख्येने होत्या त्या खाणी, यांना सवलत मिळाली. तिथे स्त्रियांचे प्रमाण २९ टक्क्यांवर आणायचे, मग दरवर्षी तीन टक्क्यांनी घटवत १९३९ पर्यंत शून्यावर न्यायचे. एखादे कर्ज हप्त्यांनी फेडावे तसा हा हिशेब. पुढे १९३५ साली आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने स्त्रियांच्या भूमिगत कामाविरुद्ध करार संमत केला, दडपण वाढले आणि भारतातील मुदत अलीकडे आणून १ ऑक्टोबर १९३७ पासून संपूर्ण बंदी आली.

ही आठ वर्षे कोणती होती, याकडे लक्ष द्या. १९२९ नंतरची जागतिक मंदी. कोळशाचे भाव पडलेले, टबाचे दर उतरलेले. त्या काळात कुटुंबाच्या दोन मजुरांपैकी एकाला घरी बसवण्यात आले आणि उरलेल्या एकाच्या दरात त्या प्रमाणात वाढ करा, असे मालकांना कुणीही सांगितले नाही. खाणीच्या तोंडाशी, वरच्या बाजूला, स्त्रियांना काही कामे होती: कोळसा निवडणे, वॅगन भरणे. ती सर्वांना पुरणारी नव्हती. काही कुटुंबांनी खाण सोडून गाव जवळ केले. खाणीत हळूहळू एकट्या येणाऱ्या पुरुषांचे प्रमाण वाढू लागले.

आणि जमिनीखालचा धोका? तो होता तिथेच होता. बंदीच्या आदल्या दोन वर्षांत कोळसा खाणींत एकामागून एक मोठे अपघात झाले. १८ डिसेंबर १९३६ रोजी राणीगंज क्षेत्रातील पोईडीह खाणीत स्फोट झाला. त्यात २०९ माणसे मरण पावली. तोवरचा भारतातील तो सर्वांत मोठा खाण अपघात. यानंतर कोळसा खाण समिती बसली आणि १९३९ साली पोकळ्या वाळूने भरून काढण्यासंबंधीचा सुरक्षा कायदा झाला. म्हणजे छताखालून आईला बाहेर काढण्याचे ठरले १९२९ साली आणि छताकडे पाहण्याची सवड मिळाली त्यानंतर दहा वर्षांनी. स्त्रियांवरील बंदी चुकीची होती असे माझे म्हणणे नाही. इतकेच म्हणायचे आहे की, ‘स्त्री-बालकांचे रक्षण’ ही सरकारला स्वस्तात पडणारी सुधारणा होती. खाण सर्वांसाठीच सुरक्षित करणे महाग होते.

गोष्ट इथे संपली असती तर ती एका मंद गतीच्या सुधारणेची गोष्ट ठरली असती. पण १९४३ उजाडले.

युद्ध ब्रह्मदेशाच्या सीमेवर येऊन ठेपले होते. पूर्व भारतात विमानतळ, रस्ते, लष्करी छावण्या यांची कामे जोरात होती. तिथे उघड्या आकाशाखाली नवरा-बायको दोघांनाही रोज मिळे. खाणीत एकट्या पुरुषाला जे मिळे त्यापेक्षा ते बरे होते. मजूर खाणी सोडून तिकडे गेले. बंगालमध्ये दुष्काळ पडलेला. कोळशाचे उत्पादन घसरले. रेल्वे आणि युद्धकारखाने अडचणीत आले. सरकारने गोरखपूरकडून पुरुष मजुरांच्या तुकड्या आणवल्या. तेवढ्याने भागेना. तेव्हा ऑगस्ट १९४३ मध्ये प्रथम मध्य प्रांतात (आजचा चंद्रपूर जिल्हा तेव्हा याच प्रांतात होता) आणि वर्ष संपण्यापूर्वी बंगाल, बिहार व ओरिसातही स्त्रियांवरील भूमिगत कामाची बंदी उठवण्यात आली.

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात तेव्हा मजूर खाते कोणाकडे होते? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे.

मराठी वाचकाला बाबासाहेबांच्या जीवनातील हे पर्व त्या मानाने कमी परिचित आहे. जुलै १९४२ ते १९४६ या काळातील त्यांची मजूर खात्याची भाषणे महाराष्ट्र शासनाने काढलेल्या समग्र लेखनाच्या दहाव्या खंडात एकत्र मिळतात. ज्यांना शक्य असेल त्यांनी तो खंड जरूर चाळावा. गंमत अशी की, पंधरा वर्षांपूर्वी याच गृहस्थांनी मुंबई कायदेमंडळात कामगार मातांची बाजू लढवली होती. २८ जुलै १९२८ रोजी प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना, बाळंतपणाच्या आधी व नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी भूमिका त्यांनी मांडली होती. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. देशातील अशा प्रकारचा तो पहिला. आणि आता १९४३ साली मातांना पुन्हा खाणीत उतरवणाऱ्या आदेशाचे समर्थन करण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली होती.

डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादला गेले. खाणीत उतरले, काम करणाऱ्या स्त्रिया पाहिल्या, मजुरांची घरे पाहिली. ८ फेब्रुवारी १९४४ रोजी दिल्लीच्या केंद्रीय कायदेमंडळात या प्रश्नावर खडाजंगी झाली. अखिल भारतीय महिला परिषदेच्या कार्यकर्त्या आणि कायदेमंडळाच्या सभासद रेणुका राय यांनी सरकारच्या निर्णयावर कठोर टीका केली. युक्तिवादांचा रोख असा होता: भारताने आंतरराष्ट्रीय करारावर सही केली आहे, मजूर मिळत नाहीत याचे कारण मजुरी कमी आहे, ती वाढवा, स्त्रियांना खाली पाठवू नका. बाबासाहेबांचे उत्तर असे की, हा निर्णय युद्धकाळातील निकडीपोटी आणि तात्पुरता आहे. आणि स्त्रियांना पुरुषांइतकेच वेतन देण्याचे बंधन सरकारने घातले आहे. समान कामाला समान वेतन हे तत्त्व एखाद्या उद्योगात प्रथमच प्रस्थापित होत आहे, याकडे त्यांनी सभागृहाचे लक्ष वेधले.

या वादात कोण बरोबर होते? मी हा प्रश्न मित्रमैत्रिणींच्या चर्चेत अनेकदा टाकला आहे आणि दरवेळी गट पडले आहेत. मला रेणुका राय यांचा मजुरीविषयीचा मुद्दा बिनतोड वाटतो. मजुरी वाढवण्याचा पर्याय मालकांना नको होता आणि युद्धसरकारला मालकांशी भांडण नको होते. त्याच वेळी, बंदी उठताच हजारो स्त्रिया पुन्हा खाणीत उतरल्या, ही वस्तुस्थितीही उरते. त्यांना कोणी साखळ्यांनी ओढून नेले नव्हते. सहा वर्षे एकाच्या मजुरीवर काढलेल्या घराला दुसरी मजुरी दिसली होती. दुष्काळाच्या वर्षात भुकेने ओढून नेणे आणि साखळीने ओढून नेणे यांत फरक किती, असे कुणी विचारले तर माझ्याकडे चटकन उत्तर नाही.

मात्र एक गोष्ट निश्चित. मजूर खात्याने या वेळी पूर्वीचा प्रश्न पूर्वीसारखा हवेत सोडला नाही. १९४१ चा खाण प्रसूती लाभ कायदा आधीच होता: बाळंतपणापूर्वी चार आणि नंतर चार आठवडे, रोज आठ आणे. तो अमलात आल्यावर त्यात दुरुस्त्या झाल्या आणि १९४५ साली जमिनीखाली काम करणाऱ्या मातांसाठी लाभाचा काळ वाढवण्यात आला. जानेवारी १९४४ मध्ये वटहुकमाने कोळसा खाण कामगार कल्याण निधी उभा राहिला. कोळशावर उपकर बसवून त्यातून घरे, पाणी, दवाखाने यांची सोय करायची, अशी त्यामागील कल्पना. आणि शेवटी पाळणाघरे. खाणीच्या परिसरात सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर ठेवण्याचे बंधन मालकांवर घालणारे नियम १९४६ साली आले.

पाळणाघर! १ जुलै १९२४ रोजी मुलाला खाणीबाहेर काढताना जो प्रश्न अनुत्तरित राहिला होता, त्याचे उत्तर बावीस वर्षांनी नियमांच्या पुस्तकात उतरले. एक खोली, पाळणे, सांभाळणारी बाई, आईला मधल्या वेळी येऊन पाजता येईल इतके अंतर. यात असे काहीही नव्हते जे १९२४ साली जमले नसते.

त्याच वर्षी, १ फेब्रुवारी १९४६ रोजी, स्त्रियांवरील भूमिगत कामाची बंदी पुन्हा लागू झाली होती. म्हणजे पाळणाघराचे नियम आले तेव्हा ज्या मातांना त्यांची सर्वाधिक गरज होती त्या जमिनीखालून वर आल्या होत्या, आणि त्यांच्यापैकी कित्येक खाणीच्या हजेरीपटावरूनच नाहीशा झाल्या होत्या. पुढील दशकांत यंत्रे आली, टब भरण्याचे काम बदलले आणि कामिन हा शब्द कोळसाक्षेत्रात हळूहळू विरळ होत गेला.

१९५२ च्या खाण कायद्यातील कलम ४६ ने ही बंदी स्वतंत्र भारतातही कायम ठेवली. जानेवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने ती शिथिल केली. स्त्रियांना लेखी संमतीने, सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळेत, तांत्रिक, पर्यवेक्षणाच्या आणि व्यवस्थापनाच्या पदांवर जमिनीखाली काम करण्याची मुभा तेव्हा मिळाली. त्यानंतर खाणीत उतरलेल्या तरुण अभियंत्यांच्या बातम्या आल्या, तेव्हा ‘इतिहासात पहिल्यांदाच’ असे मथळे मी वाचले. पदवी घेऊन, शिरस्त्राण घालून उतरणाऱ्या त्या पहिल्या असतीलही. त्यांच्या आधी डोक्यावर टोपली आणि पाठीशी मूल घेऊन उतरलेल्यांची संख्या मात्र हजारोंनी मोजावी लागेल.

मुंबईच्या गिरण्यांतील पाळणाघरांची गोष्ट याहून वेगळी आणि बरीच गुंतागुंतीची आहे. बाळगोळीचा उल्लेख वर आलाच आहे. पुढचा धागा तिथून सुरू करू.